चढणीचे मासे जातात कुठे?

मिरगाचा पहिला दणकून पाऊस झाला की कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत रात्री ओढ्याकाठी बॅटऱ्यांचे झोत फिरायला लागतात. नदीतले मासे ओढ्यात, ओढ्यातले ओघळीत आणि ओघळीतले थेट भाताच्या खाचरात शिरत असतात. आमच्याकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. मळ्या, मुरी, शिंगटा, डोकऱ्या, वाम. एरवी बाजारात ज्यांना फारसं कोणी विचारत नाही, त्यांनाही त्या दिवसांत भाव येतो, कारण पोटात गाबोळी भरलेली असते. हे मासे कसे धरायचे आणि कसे शिजवायचे यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. पण एवढा जीव टाकून ते चढतात ते कुठे पोहोचायला? आणि तिथं पोहोचल्यावर नेमकी कोणती हातभर जागा त्यांना अंड्यांसाठी पसंत पडते? माझ्या पीएचडीचा विषय एवढाच आहे.

‘एवढाच’ म्हटलं, पण माशाच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. पक्षी घरटं बांधून अंडी उबवतो, पिलांना भरवतो. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे यातलं काही करत नाहीत. मादी अंडी सोडते, नर त्यावर रेत सोडतो आणि दोघं निघून जातात. पुढे अंड्यांना प्राणवायू मिळणार की नाही, ती गाळाखाली गुदमरणार का, ऊन पडून ओघळ आटणार का, पाणकिड्यांच्या तोंडी जाणार का, हे सगळं त्या एका निवडीवर ठरतं. आईबापांनी पिलांसाठी केलेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट. अपवाद आहेत, आणि सुंदर आहेत: आपला डोकऱ्याच घ्या, त्याचा नर अंडी आणि पिलं तोंडात सांभाळतो. पण बाकीच्यांसाठी जागा हेच सगळं संगोपन.

ही निवड एका झटक्यात होत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी होते. सामन माशाचं उदाहरण सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं. विस्कॉन्सिनमध्ये आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी यांनी १९५१ साली दाखवलं की मासे एका ओढ्याचं पाणी दुसऱ्या ओढ्याच्या पाण्यापासून वासावरून ओळखू शकतात. समुद्रात वाढलेला सामन जन्माच्या नदीत परत येतो तो या वासाच्या आठवणीवर, हा विचार तिथून पुढे पक्का होत गेला. पण वास त्याला ओढ्यापर्यंत आणतो. ओढ्यात आल्यावर कोणत्या वळणावर थांबायचं, त्या वळणावर कोणत्या दगडगोट्यांत खड्डा करायचा, हे निर्णय अजून बाकीच असतात. मादी कुशीवर वळते आणि शेपटीचे तडाखे देऊन गोटे उडवते. खड्डा होतो, त्यात अंडी जातात, मग ती जरा वरच्या अंगाला सरकून पुन्हा खणते आणि उडालेल्या गोट्यांनी खालची अंडी झाकली जातात. वरून बघणाऱ्याला एक खड्डा आणि त्याच्या खालच्या बाजूला एक उंचवटा दिसतो. हा आकार फार कामाचा आहे. वाहतं पाणी उंचवट्याला अडतं आणि दगडांच्या फटींतून आत ढकललं जातं, म्हणजे पुरलेल्या अंड्यांना ताजं पाणी मिळत राहतं. त्या फटी बारीक मातीनं बुजल्या की खेळ संपला. ब्रूक ट्राउट नावाच्या तिच्या नातेवाइकाला तर नदीच्या तळातून भूजल वर येतं अशी जागा लागते. ते पाणी हिवाळ्यातही गोठत नाही. वरून बघून कोणाला कळणारही नाही की तळाच्या या कोपऱ्यात झरा आहे आणि त्या कोपऱ्यात नाही. त्या मादीला कळतं.

हे वाचताना मला सारखं आमच्या ओढ्यांचं वाटायचं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पंचगंगेला मिळणाऱ्या या नद्यांत काय आहे याच्या याद्या आहेत. कोणत्या जाती, किती लांबीच्या, कोणत्या महिन्यात गाभोळ्या. पण त्यातल्या बऱ्याच जातींनी अंडी कुठे घातली हे कोणी बघून लिहिलेलंच नाही. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा इथल्या लोकांकडून ऐकलेली नावंच त्यांना शास्त्रीय नावं म्हणून दिली. खुद्री, कोळस, पोटईल, मळ्या अशी आपली नावं म्हणून आज जगभरच्या संग्रहालयांत लेबलांवर आहेत. नाव मिळून पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली, आणि त्यांच्या बाळंतपणाची जागा आपल्याला नीट माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कामाबद्दल. अंडी सापडली म्हणजे मासा ती जागा निवडतो असं सिद्ध होत नाही. हे पहिल्यांदा माझ्या गाईड मॅडमनी फळ्यावर मांडलं तेव्हा मी रात्रभर त्यावर विचार करत होते. समजा मला सगळी अंडी गुडघ्याइतक्या पाण्यात गवताला चिकटलेली मिळाली. त्याचे अर्थ किती? एक, माशाला तीच जागा आवडते. दोन, त्या ओढ्यात सगळीकडे गुडघ्याइतकंच पाणी आहे, दुसरीकडे जायला वावच नाही. तीन, त्यानं सगळीकडे घातली होती, पण बाकीकडची अंडी चतुराच्या अळ्यांनी आणि पाणढेकणांनी सकाळ व्हायच्या आत संपवली. अंडी नसणं आणि अंडी न घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तिन्ही शक्यतांत नकाशावर ठिपके सारखेच पडतात!

म्हणून जिथं अंडी आहेत तिथं जेवढं मोजायचं, तेवढंच जिथं नाहीत तिथंही मोजायचं. खोली, पाण्याचा वेग, तळ कशाचा आहे, सावली, प्राणवायू. आणि ‘जिथं नाहीत’ त्या जागा मी ठरवायच्या नाहीत. त्या आधीच कागदावर आकडे काढून ठरलेल्या असतात, मग तिथं काटेरी करवंद असो की शेणाचा राडा. तळाचे दगड मोजायची पद्धतही अशीच. एम. गॉर्डन वोल्मन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५४ साली ती सांगितली आणि अजून तीच वापरतात. पाण्यातून एकेक पाऊल टाकत जायचं, नजर वर ठेवायची, बुटाच्या टोकाशी हात घालायचा आणि बोटाला जो पहिला दगड लागेल तो उचलायचा. त्याची लांबी नाही, जाडीही नाही, मधली बाजू मोजायची आणि परत टाकायचा. असे शंभर. सोपं वाटतं, पण हात लबाड असतो. त्याला गोल, मुठीत बसणारा दगड आवडतो. वाळूचा कण, चिखल, बोजड धोंडा तो टाळू बघतो. म्हणून तर खाली बघायचं नाही. माशाची निवड दिसायची असेल तर मला माझी निवड पूर्ण बाजूला ठेवावी लागते. या कामातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच.

पण खाचरात दगड नसतात, तिथं गवत असतं. पहाटे हेडलॅम्प लावून बांधाच्या कडेला बसलं आणि पाण्यात वाकलेलं एखादं पातं हळूच उलटं केलं की खालच्या अंगाला अंडी दिसतात. जेमतेम मिलिमीटरभर, इतकी पारदर्शक की उजेड तिरका पडला तरच सापडतात. प्रत्येक अंडं पात्याला स्वतंत्र चिकटलेलं असतं. ओंजळीनं पाणी मारलं तरी सुटत नाही. ही छोट्या पेथियांची अंडी. बोटभर लांबीचा हा मासा, अंगावर दोन काळे ठिपके, विणीच्या दिवसांत नरावर तांबूस झाक. पातं कापून बशीत ठेवून भिंगाखाली धरलं तर काही तासांत आत शेपटी वळवळताना दिसते, मग हृदयाची धडधड. दिवस-दीड दिवसात पिलू बाहेर. एवढ्या वेळात पाणी टिकलं पाहिजे, एवढंच त्याचं जगाकडे मागणं आहे. अर्थात नंतरही त्याला पाणी लागतंच, पण तेव्हा ते निदान हलू शकतं.

या खाचरांत मी सुरुवातीला वरच्या बाजूचं, भरपूर पाणी साठलेलं वावर धरलं होतं. लावणीला आलेल्या एका आजींनी तरवा बाजूला ठेवला आणि मला हाताला धरून खाली नेलं. “त्या वरच्यात न्हाई घावायचं तुला पोरी. तितलं पाणी कुजतंय. हितं बघ, बांधातनं झिरपतंय, पाणी हलतंय. तितंच मासा लोळतोय बघ.” आजींनी दाखवलेल्या कोपऱ्यात पाणी हलतंय हे माझ्या डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हतं. गवताचं बारीक कुसळ सोडलं तेव्हा ते हळूहळू सरकताना दिसलं.

साचलेल्या पाण्यात रात्री वनस्पती प्रकाशसंश्लेषण करत नाहीत, पण श्वसन सगळ्यांचं चालू असतं. खाली मागच्या हंगामाचं बुडखं कुजत असतं, त्यालाही प्राणवायू लागतो. त्यामुळे पहाट होईपर्यंत प्राणवायू सगळ्यांत खाली गेलेला असतो. दुपारी मोजलं तर तेच पाणी चांगलं दिसतं. म्हणून नमुने पहाटेच घ्यायचे. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडायचं. गाळ तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. वरच्या वावराची आणि आजींच्या कोपऱ्याची बाटली शेजारी ठेवल्यावर कोणालाही आकडा न सांगता फरक कळला असता. आजींचं निरीक्षण आणि माझी बाटली यांत श्रेष्ठ-कनिष्ठ करायची मला गरज वाटत नाही. आजींना कोपरा माहीत होता. बाटलीमुळे मी तो दुसऱ्या खोऱ्यातल्या कोपऱ्याशी ताडून बघू शकते.

प्राणवायूचा हिशेब मासा करतो हे मानायला काही जणांना जड जातं. त्यांना मी युरोपातल्या बिटरलिंगची गोष्ट सांगते. हा मासा अंडी घालतो ते जिवंत शिंपल्याच्या आत. विणीच्या काळात मादीला एक लांब नळी फुटते. शिंपला ज्या भोकातून पाणी बाहेर सोडतो त्यात ती नळी क्षणभर घालून ती मोजकी अंडी आत ठेवते. नर पाणी आत ओढणाऱ्या भोकापाशी रेत सोडतो. अंडी शिंपल्याच्या कल्ल्यांत फुटतात आणि पिलं महिनाभर तिथंच राहतात. आता शिंपला एक आणि त्याच्या आत भाडेकरू भरपूर, असं झालं तर आत प्राणवायू पुरत नाही आणि पिलं मरतात. म्हणून मादी आधी शिंपल्यापाशी घुटमळते, बाहेर पडणारं पाणी जोखते, आणि आधीच दाटी असलेले शिंपले टाळते. कार्ल स्मिथ, मार्टिन राइखार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशावर वर्षानुवर्षं काम केलंय. ते वाचून मला धीर आला, कारण इथं निवड हा आपला अंदाज राहत नाही; शिंपले अदलाबदल करून ती प्रयोगात उतरवता येते.

मीही तसंच काहीतरी करतेय, साध्या सामानात. काथ्याचे झुपके करून बांबूच्या काठीला बांधायचे आणि ओघळीत रोवायचे. गवतासारखाच आसरा, पण सगळीकडे अगदी सारखा. एक हलत्या पाण्यात, एक साचलेल्या. एक उघडा, एक मासे अंडी घालून गेले की लगेच जाळीत, म्हणजे किडे आत शिरणार नाहीत. जाळीतला आणि उघडा यांत जो फरक पडेल तो खाणाऱ्यांचा. हलत्या आणि साचलेल्यात जो उरेल तो निवडीचा. निकाल इथं सांगत नाही, अजून आणखी पावसाळे बघायचे आहेत. एका पावसाळ्यावरून माशाबद्दल बोलू नये असं माझं ठाम मत झालंय.

कधीकधी मासा जागा बघतच नाही, दुसऱ्या माशांकडे बघतो. उत्तर अमेरिकेत चब नावाच्या माशाचा नर तोंडानं एकेक खडा वाहून आणून ओढ्याच्या तळाशी मोठा ढीग रचतो. त्या ढिगावर इतर कितीतरी जातींचे मासे येऊन अंडी घालून जातात. चब गेला की तेही अडचणीत येतात. आपल्या ओढ्यांत असं कोण कोणावर अवलंबून आहे? मला याचं उत्तर हवंय.

वेळेचाही प्रश्न आहे. मादीच्या पोटात अंडी उन्हाळ्यातच तयार होत येतात आणि थांबून राहतात. पावसानं पाणी गार होतं, वाढतं, वाहायला लागतं आणि त्यातले क्षार पातळ होतात. १९७० च्या दशकात फ्रँक किर्शबाउम यांनी दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत-माशांना टाकीतच पाण्याची पातळी वाढवून, क्षार कमी करून आणि वरून पाऊस पाडून विणीला आणलं होतं. म्हणजे माशासाठी ‘जागा’ आणि ‘वेळ’ अशा दोन गोष्टी नसतातच. आज रात्री जे खाचर योग्य आहे ते चार दिवसांपूर्वी भेगाळलेली जमीन होतं.

आणि योग्य जागा मिळालीच नाही तर? रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. तळ्यात ते खाऊन-पिऊन वाढतात, मादी अंड्यांनी फुगते, पण वाहतं पुराचं पाणी न मिळाल्यानं अंडी घालत नाही. ती पोटातच जिरून जातात. म्हणूनच आपल्याकडे पूर्वी नदीतून बीज, म्हणजे माशांची बारीक पिलं, गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात विणीला लावलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि पाळावाच. कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा आला तो त्यामुळे. मात्र तेव्हापासून आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली की बीज कारखान्यात होतं, नदीत नुसतं सोडायचं. नदीतल्या जागेचं महत्त्व त्या दिवशी कमी झालं नव्हतं. आपल्या लेखी ते कमी झालं.

लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास करतात. खुद्री महासीर, साइक्सला पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला तोच. त्या कामामुळे ही जात तगायला मोठा हातभार लागला. पण पैदास करून सोडलेला हा महासीर कावेरीत इतका पसरला की तिथला मूळचा कुबडाचा महासीर हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली २०१८ मध्ये, तोवर तो नाहीसा व्हायच्या बेतात आला होता. मासा वाचवायचा असेल तर त्याचं स्वतःचं पाणी वाचवायला पर्याय नाही, हे मी त्यावरून घेतलं.

देवाच्या माशांबद्दलही मला हेच वाटतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, पालघर जिल्ह्यात वाडा गावाजवळ वैतरणेवर तिळसे. दोन्हीकडे देवस्थानच्या डोहातले महासीर कोणी मारत नाही. लोक त्यांना खायला घालतात. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते तेव्हा हेच डोह मोठ्या माशांना तारतात. पण महासीर अंडी घालतो ती पावसात, वाहत्या पाण्यातल्या खडी-गोट्यांत. डोहाला देवाचं संरक्षण आहे, वरच्या अंगाच्या उथळ गोट्यांना नाही. तिथली वाळू-खडी ट्रॅक्टरनं उचलली तर कोणाला काही वाटत नाही.

गाळ काढण्याचा विषय मात्र नाजूक आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीच्या पुरानं जे केलं ते पाहिल्यावर नदीतला गाळ काढू नका असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की नदीतली सगळी बेटं आणि सगळी खडी म्हणजे गाळ नव्हे. कुठली काढायची आणि कुठली ठेवायची हे ठरवताना टेबलाभोवती माशांबद्दल बोलणारं कोणीतरी बसलेलं असावं.

आमच्या जिल्ह्यात त्या मानानं एक गोष्ट चांगली आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे खांबांमध्ये पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधी काढतात आणि पाऊस सरत आला की पुन्हा घालतात. बरगे निघाले की खांबांमधून नदी मोकळी वाहते आणि मासा वर जाऊ शकतो. ज्यांनी ही रचना केली त्यांच्या डोक्यात पूर आणि गाळ होता, मासा नसावा, पण मासा तिचा लाभार्थी आहे. उलट ओढ्यावरचा पुरुषभर उंचीचा सलग सिमेंटचा बांध चढणीला जागीच संपवतो. त्याच्या पायथ्याशी पहिल्या पावसात मासे गोळा होतात, पुन्हापुन्हा उड्या मारतात, आणि तिथंच कोणीतरी बारीक मच्छरदाणी, नाहीतर करंट घेऊन उभा असतो. बांबूच्या कामट्यांचा सापळा लावून चार मासे घरी नेणाऱ्याशी माझं भांडण नाही. मीही तेच खाऊन वाढले. करंटनं आणि ब्लीचिंग पावडरनं सगळी ओघळ मारणाऱ्याशी आहे.

अडवलेल्या पाण्यात कोण जिंकतं तेही बघण्यासारखं आहे. चिलापी, म्हणजे तिलापिया. उजनीत आज जाळ्यात तीच येते. तिचा नर साठलेल्या पाण्याच्या कडेला तळाशी बशीसारखा खड्डा करतो, मादी तिथं अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पुढचं सगळं तोंडात. तिला ना धार लागते, ना स्वच्छ खडी, ना भाताचं खाचर. जागेबद्दल जे काटेकोर आहेत ते मागे पडतात. आपण नद्यांत मासे संपवत आहोत असं सरसकट म्हणण्यापेक्षा मला हे जास्त खरं वाटतं: चोखंदळ मासे आधी जात आहेत.

सागरी मासेमारीला जून-जुलैत बंदी असते, त्याची दरवर्षी बातमी येते. त्याच दिवसांत ओढ्यावर काय चाललंय हे तालुक्याच्या पानावरही नसतं. ओढ्यांसाठी अशा कायद्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. तोवर मला हवी आहे साधी नोंद: कोणत्या गावात, कोणत्या बंधाऱ्याचे बरगे कधी निघाले, आणि त्याच्या वरच्या ओढ्यात पहिला मासा कधी दिसला. बरगे पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी निघाले की नंतर, यावर वरच्या खाचरांत अंडी सापडण्याचं प्रमाण बदलतं का, हा माझ्या प्रबंधाचा पुढचा भाग आहे. त्यासाठी मे महिन्यापासून मी कुंभीच्या खोऱ्यात गावोगाव वह्या वाटतेय. दोन सोसायट्यांचे सचिव, पाणी सोडणारे पाटकरी, लावणीच्या टोळीतल्या बायका असे कोणकोण लिहायला तयार झालेत. ज्यांना तारीख आठवत नाही त्यांनी नक्षत्र लिहायचं, मिरीग की आर्द्रा, आणि वावराचं नाव. सर्व्हे नंबर मी शोधून काढते.